चालू असलेला कर्नेल खरोखर रिअल-टाइम आहे का? लिनक्ससीएनसीवर वारंवार स्टेप चुकण्याच्या तक्रारीचे निवारण

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान वर्कशॉपमध्ये एक जुनी मिलिंग मशीन आहे. तिचा मूळ कंट्रोलर निकामी झाल्यावर मालकांनी ती रेट्रोफिट करून, म्हणजे तिला नवे नियंत्रण बसवून घेतले. तीन स्टेपर मोटरी (प्रत्येक विद्युत पल्सला ठरलेले एक पाऊल, म्हणजे स्टेप, फिरणाऱ्या), त्यांचे ड्राइव्ह, पॅरलल पोर्ट असलेला एक जुना संगणक आणि त्यावर डेबियन १२ हे लिनक्सचे वितरण आणि मशीन चालवणारा लिनक्ससीएनसी हा प्रोग्रॅम, अशी ती मांडणी होती. पहिले काही महिने मशीन उत्तम चालली. त्यानंतर मात्र अधूनमधून जॉब बिघडू लागले आणि प्रत्येक वेळी तक्रारीची सुरुवात एकाच वाक्याने होत असे: लाइट जाऊन आली की मशीन वेडेवाकडे करते. त्यामुळे दोष विजेचा आहे असे सर्वांनीच धरून चालले. आधी स्टॅबिलायझर आला, मग अर्थिंग नव्याने केले, त्यानंतर ड्राइव्हच्या केबल बदलल्या. खर्च होत राहिला आणि तक्रार परत येत राहिली.

वीज गेल्यावर दोष दिसतो हे निरीक्षण अचूक होते, मात्र त्याचे कारण विजेत नव्हते. वीज गेली की संगणक बंद पडत असे आणि पुन्हा सुरू होताना तो वेगळाच कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, घेऊन उठत असे. ज्यांच्याकडे अशी मशीन आहे, किंवा रोबोट, ध्वनिमुद्रण अथवा मोजमापाची अशी यंत्रणा आहे जिला रिअल-टाइम (ठरलेल्या वेळेत काम करणारा) कर्नेल लागतो, त्यांच्यासाठी ही तपासणी सविस्तर लिहीत आहे. कमांड, फाइली आणि संदेश येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन अक्षरांत टाइप करावेत.

लक्षण नीट वाचणे

दोष शोधण्यास मला सर्वांत जास्त मदत झाली ती बिघडलेल्या जॉबच्या मापांची. मालकांनी टाकाऊ ठरलेले सात तुकडे एका ट्रेमध्ये जपून ठेवले होते. व्हर्नियरने मोजले तेव्हा एक्स अक्षावरील फरक कुठे ०.१ मिलिमीटर, कुठे ०.२, तर एका तुकड्यावर ०.५ असा होता. मधली मापे जवळजवळ नव्हतीच. बॅकलॅश (स्क्रू आणि नट यांतील ढिलाई) असता तर फरक दिशा बदलताना आणि साधारण सारखाच दिसला असता, आणि तापमानाने आलेला फरक हळूहळू वाढत गेला असता. येथे फरक टप्प्याटप्प्याने होता. १.८ अंशाची स्टेपर मोटर जेव्हा पकड सोडते, तेव्हा ती चार पूर्ण स्टेपच्या पटीत घसरते, म्हणजे एका फेरीच्या पन्नासाव्या भागाच्या पटीत. या मशीनचा स्क्रू एका फेरीत ५ मिलिमीटर सरकतो, आणि त्याचा पन्नासावा भाग बरोबर ०.१ मिलिमीटर होतो. म्हणजे मोटर स्टेप चुकत होती, हे टर्मिनल उघडण्यापूर्वीच निश्चित झाले.

कानालाही खूण मिळत होती. जलद सरकताना स्टेपर मोटरचा एक सलग सूर असतो. या मशीनमध्ये तो सूर मध्येच तुटत असे, क्षणभर कुरकुर होई आणि पुन्हा सलग होई. मोटरला दर फेरीस २,००० पल्स लागत होते, म्हणजे मिलिमीटरला ४००. मिनिटाला १,५०० मिलिमीटर या वेगाने सरकताना सेकंदाला १०,००० पल्स जातात, म्हणजे दर १०० मायक्रोसेकंदांनी एक. पल्स देणारा धागा (प्रोग्रॅमचा स्वतंत्रपणे चालणारा भाग) जर अर्धा मिलिसेकंद अडकला, तर पाच पल्सची जागा रिकामी जाते, आणि नंतर उरलेले पल्स घाईने दिले जातात. वेगात फिरणाऱ्या रोटरला अशी खंड पडलेली आणि मग धावणारी चाल झेपत नाही. सॉफ्टवेअरच्या हिशेबाने मात्र सर्व पल्स दिलेले असतात, त्यामुळे पडद्यावरील आकडा बरोबर दिसतो आणि जॉब चुकलेला असतो. मोटरवर एन्कोडर (प्रत्यक्ष फिरणे मोजणारे उपकरण) नसल्याने तिच्या चुकीची बातमी कोणीच देत नाही.

आता पल्स देणारा धागा अडकतो का, हा प्रश्न उरला. आणि त्यातून पुढचा प्रश्न निघाला, की हा संगणक या क्षणी कोणता कर्नेल चालवत आहे.

पहिली तपासणी, आणि तिच्यातला सर्वांत मोठा सापळा

रिअल-टाइम याचा अर्थ जलद असा नव्हे. ठरलेले काम ठरलेल्या वेळेच्या आत झालेच पाहिजे, संगणकावर इतर कितीही भार असला तरी, हा त्याचा अर्थ आहे. लिनक्समध्ये ही सोय ज्या बदलांमुळे येते त्यांना प्रीएम्प्ट_आरटी म्हणतात. हा कर्नेल तयार करतानाच निवडायचा पर्याय आहे. एकदा साधा म्हणून तयार झालेला कर्नेल नंतर कोणत्याही सेटिंगने रिअल-टाइम होत नाही. म्हणून तपासणीची सुरुवात चालू कर्नेललाच विचारून करावी:

युनेम -व्ही

त्या दिवशी मशीनवर आलेले उत्तर असे होते:

#१ एसएमपी प्रीएम्प्ट_डायनॅमिक डेबियन ६.१.७६-१ (२०२४-०२-०१)

रिअल-टाइम कर्नेल असता तर त्याच जागी 'प्रीएम्प्ट_आरटी' असे शब्द दिसले असते. सापळा येथेच आहे. अनेक जण या ओळीत केवळ 'प्रीएम्प्ट' हा शब्द शोधतात, तो सापडतो, आणि कर्नेल रिअल-टाइम आहे असे समजून पुढे जातात. माझ्या आधी येऊन गेलेल्या तंत्रज्ञांच्या टिपणात नेमके हेच लिहिलेले होते: 'प्रीएम्प्ट आहे, कर्नेल ठीक.' वास्तविक नुसता 'प्रीएम्प्ट' म्हणजे डेस्कटॉपसाठी किंचित तत्पर केलेला साधा कर्नेल होय, आणि 'प्रीएम्प्ट_डायनॅमिक' म्हणजे संगणक सुरू होताना तत्परतेची पातळी निवडू देणारा, पण तरीही साधाच, कर्नेल होय. बूट करताना 'प्रीएम्प्ट=फुल' असे दिले तरी तो रिअल-टाइम होत नाही, कारण या पर्यायात फुल ही साध्या कर्नेलची कमाल पातळी आहे. शोधायचा तो शब्द पूर्ण शोधावा, अधोरेखेसह आणि 'आरटी'सह. फार जुन्या, पॅच (बाहेरून जोडलेले बदल) लावलेल्या कर्नेलमध्ये अधोरेखेच्या जागी मोकळी जागा असून 'प्रीएम्प्ट आरटी' असे दिसते. जुन्या मशीनवर काम करताना हे लक्षात ठेवावे, नाहीतर उलट चूक होते आणि चांगल्या कर्नेलवर साधेपणाचा शिक्का बसतो.

इतर खुणा कितपत विश्वासार्ह आहेत

'युनेम -आर' ही कमांड कर्नेलचे नाव सांगते. डेबियनच्या रिअल-टाइम कर्नेलच्या नावात 'आरटी' असते, उदाहरणार्थ ६.१.०-१८-आरटी-एएमडी६४, उबुंटूच्या रिअल-टाइम कर्नेलच्या नावाच्या शेवटी 'रिअलटाइम' असते. उबुंटूच्या 'लोलेटन्सी' कर्नेलचे नाव ऐकून अनेकांची फसगत होते. तो रिअल-टाइम नाही. नाव हे अखेर नावच असते. स्वतः कर्नेल तयार करणारा त्याला कोणतेही शेपूट जोडू शकतो. मी एका संगणकावर '-आरटी' असे शेपूट लावलेला असा कर्नेल पाहिला आहे, ज्याच्या मांडणीत, म्हणजे तयार करताना निवडलेल्या पर्यायांत, रिअल-टाइम पर्याय निवडलेलाच नव्हता.

मांडणीची फाइल हा अधिक भक्कम पुरावा आहे. ती बूट फोल्डरमध्ये 'कॉन्फिग' या शब्दाने सुरू होणाऱ्या नावाने असते, आणि तिच्यात 'कॉन्फिग_प्रीएम्प्ट_आरटी=वाय' ही ओळ असली पाहिजे. जुन्या पॅचच्या काळात हीच ओळ 'कॉन्फिग_प्रीएम्प्ट_आरटी_फुल=वाय' अशी असे. येथे घ्यायची काळजी एवढीच की बूट फोल्डरमध्ये प्रत्येक कर्नेलची स्वतंत्र फाइल असते. शिरोलीच्या मशीनवर अशा तीन फाइली होत्या, आणि सर्व फाइलींमध्ये एकदम शोध घेतल्यावर त्यांपैकी एकीत ही ओळ सापडलीही. पण ती फाइल चालू नसलेल्या कर्नेलची होती. म्हणून 'युनेम -आर' ने दिलेले पूर्ण नाव ज्या फाइलीच्या नावात आहे तीच फाइल उघडावी. काही कर्नेल आपली मांडणी प्रॉक फोल्डरमधील 'कॉन्फिग.जीझेड' या दाबलेल्या फाइलीतून दाखवतात. ती उपलब्ध असेल तर तिलाच प्रमाण मानावे, कारण ती चालू कर्नेलच्या पोटातूनच येते.

सिस फोल्डरात कर्नेलच्या आत 'रिअलटाइम' नावाची एक फाइल असते आणि तिच्यात १ हा आकडा असतो, अशी सूचना सर्वत्र दिलेली आढळते. ती फाइल असेल आणि तिच्यात १ असेल, तर तो पुरावा चांगला आहे. परंतु ही फाइल रिअल-टाइम पॅचबरोबर आलेली आहे, त्यामुळे ती दिसली नाही एवढ्यावरून कर्नेल साधा आहे असा निष्कर्ष काढू नये.

याचे कारण समजण्यासाठी थोडा इतिहास उपयोगी पडतो. साधारण २००४-०५ पासून इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांचे सहकारी हे बदल मुख्य कर्नेलच्या बाहेर, पॅचच्या रूपाने सांभाळत होते. त्यांतले एकेक तुकडे वर्षानुवर्षे मुख्य कर्नेलमध्ये जात राहिले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये शेवटचा अडसर दूर होऊन ६.१२ या आवृत्तीत प्रीएम्प्ट_आरटी हा पर्याय मुख्य कर्नेलमध्येच निवडता येऊ लागला. ती आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. वीस वर्षांच्या या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण त्या बातमीतून एक नवा गैरसमजही पसरला, की ६.१२ किंवा त्यापुढचा कर्नेल असला की तो रिअल-टाइमच आहे. तसे नाही. पर्याय उपलब्ध झाला आहे; आपल्या वितरणाने तो कर्नेल तयार करताना निवडला आहे का, हा प्रश्न पूर्वीइतकाच शिल्लक आहे आणि त्याचे उत्तर वरच्याच तपासण्यांतून मिळते.

चालू प्रक्रियांच्या यादीत 'आयआरक्यू' ने सुरू होणारे पुष्कळ धागे दिसले तर कर्नेल रिअल-टाइम आहे, असेही सांगितले जाते. रिअल-टाइम कर्नेल बहुतेक इंटरप्ट (हार्डवेअरने लक्ष वेधण्यासाठी दिलेले संकेत) स्वतंत्र धाग्यांतून हाताळतो हे खरे आहे. मात्र साध्या कर्नेलमध्येही काही ड्रायव्हर तसे करतात, आणि 'थ्रेडआयआरक्यूज' हा बूट पर्याय दिल्यास साधा कर्नेलही तशीच यादी दाखवतो. या खुणेवर मी निर्णय घेत नाही.

प्रोग्रॅम 'रिअल-टाइम' म्हणतो तेव्हा

आता या प्रकरणातील सर्वांत चिवट भाग. लिनक्ससीएनसी टर्मिनलमधून सुरू केल्यावर एक ओळ छापते: 'नोट: यूझिंग पॉझिक्स रिअलटाइम', किंवा कर्नेल योग्य नसल्यास 'नोट: यूझिंग पॉझिक्स नॉन-रिअलटाइम'. मी साध्या कर्नेलवरच तो प्रोग्रॅम टर्मिनलमधून सुरू केला आणि पहिली ओळ आली. म्हणजे कर्नेल साधा असताना प्रोग्रॅम त्याला रिअल-टाइम म्हणत होता.

उत्तर वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधील 'प्रोफाइल' या लपलेल्या फाइलीच्या तळाशी सापडले:

एक्स्पोर्ट लिनक्ससीएनसी_फोर्स_रिअलटाइम=१

ही ओळ कोणी आणि का लिहिली असेल, हे मालकांच्या आठवणीवरून जुळवता आले. एकदा वीज येऊन संगणक सुरू झाला आणि मशीनचा प्रोग्रॅम उघडेचना. साध्या कर्नेलवर असताना लिनक्ससीएनसी पॅरलल पोर्टचा थेट ताबा घेत नाही, त्यामुळे ती मशीन चालू होणारच नव्हती, आणि ते योग्यच होते. तेव्हा कोणीतरी शोध घेऊन ही ओळ घातली. तिचा अर्थ आहे: तपासणी करू नकोस, कर्नेल रिअल-टाइम आहे असे गृहीत धर. त्या दिवसापासून प्रोग्रॅम दर वेळी उघडू लागला आणि सगळ्यांना हायसे वाटले, पण मशीनचे रक्षण करणारा एकमेव पहारेकरी त्या ओळीने हटवला होता. काम अडलेले असताना, समोर कास्टिंगचा ढीग पडलेला असताना माणूस असे का करतो हे मी समजू शकतो. तरीही सांगतो, की ज्या मशीनवर फिरणारे टूल आणि शेजारी उभा ऑपरेटर आहे, तेथे ही ओळ कधीही ठेवू नये.

मग साध्या कर्नेलवर मशीन बराच काळ चांगली कशी चालत होती? येथे दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जातात, हे समजून घ्यावे लागते. एखाद्या धाग्याला रिअल-टाइम प्राधान्य देणे हे कोणत्याही लिनक्स कर्नेलवर शक्य असते. तसे प्राधान्य मिळालेला धागा सर्व साध्या प्रोग्रॅमच्या पुढे उभा राहतो. ध्वनिमुद्रण करणारे लोक वापरकर्त्याला विशिष्ट गटात घालून आणि मर्यादांच्या फाइलीत प्राधान्याचा आकडा लिहून हीच परवानगी देतात, आणि पुष्कळदा तिलाच रिअल-टाइम कर्नेल समजतात. परंतु साधा कर्नेल स्वतःच्या आतल्या एखाद्या कामात, कुलूप (एखादी गोष्ट एका वेळी एकालाच वापरता यावी म्हणून घातलेला अटकाव) धरून किंवा इंटरप्ट हाताळत गुंतलेला असेल, तर सर्वोच्च प्राधान्याच्या धाग्यालाही थांबावे लागते. प्रीएम्प्ट_आरटी नेमके हेच बदलते: कर्नेलमधील बहुतेक कुलपे अशी होतात की ती धरलेली असतानाही काम बाजूला ठेवता येते, कुलूप धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य तात्पुरते मिळते, आणि इंटरप्टची कामे धाग्यांत जातात. म्हणून भार नसताना दोन्ही कर्नेल सारखेच भासतात. शिरोलीत तुकडा बिघडला तो बहुतेक वेळा कोणीतरी पेनड्राइव्हवरून नवा प्रोग्रॅम उतरवत असताना, किंवा ड्रॉइंग पाहण्यासाठी ब्राउझर उघडलेला असताना. ऑपरेटरला हे ठाऊक होते, परंतु त्याचा मशीनशी काही संबंध असेल असे त्याला कोणी सांगितले नव्हते.

उलट दिशेचीही एक शक्यता आहे. कर्नेल प्रीएम्प्ट_आरटी असूनही प्रोग्रॅम 'नॉन-रिअलटाइम' म्हणत असेल, तर स्वतः सोर्सवरून (मूळ कोडवरून) तयार केलेल्या लिनक्ससीएनसीमध्ये 'सुडो मेक सेटयूआयडी' ही पायरी राहून गेलेली असण्याचा संभव सर्वाधिक आहे. अधिकार नसल्यामुळे प्रोग्रॅम खालच्या पातळीवर उतरतो; त्यात कर्नेलचा दोष नसतो.

जुन्या मशीनवर आणखी एक प्रकार भेटतो. लिनक्ससीएनसीच्या आधीच्या पिढीत आरटीएआय वापरले जात असे, आणि काही ठिकाणी झेनोमाय. यांत लिनक्सच्या खाली एक वेगळा लहान रिअल-टाइम गाभा काम करतो. अशा संगणकावर 'युनेम -व्ही' मध्ये 'प्रीएम्प्ट_आरटी' दिसणार नाही, आणि तरीही तो रिअल-टाइम असेल. ३.४-९-आरटीएआय-६८६-पीएई यासारखे नाव दिसले, किंवा प्रॉक फोल्डरमध्ये 'आरटीएआय' अथवा 'झेनोमाय' नावाचा फोल्डर आढळला, तर या लेखातील कर्नेलच्या तपासण्या तेथे लागू करू नयेत. कंटेनरच्या (प्रोग्रॅम वेगळे ठेवणाऱ्या कप्प्याच्या) आत तपासणी केल्यास उत्तर मूळ संगणकाच्या कर्नेलचे येते, कारण कंटेनरला स्वतःचा कर्नेल नसतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये आतला कर्नेल खरोखर प्रीएम्प्ट_आरटी असला तरी बाहेरचा संगणक त्याला कधी वेळ देईल याची खात्री नसते.

दोष परत का येत होता

वापरलेला कर्नेल कोणता होता हे प्रॉक फोल्डरमधील 'सीएमडीलाइन' ही फाइल स्पष्ट सांगते; तिच्यात 'बूट_इमेज=' या शब्दापुढे बूट झालेल्या कर्नेलची फाइल दिलेली असते. तेथे ६.१.०-१८-एएमडी६४ होते. स्थापित पॅकेजांच्या यादीत मात्र ६.१.०-१०-आरटी-एएमडी६४ हाही कर्नेल होता. रेट्रोफिट करणाऱ्याने रिअल-टाइम कर्नेल बसवला होता, परंतु क्रमांकासह नेमके तेवढेच पॅकेज बसवले होते. डेबियनमध्ये 'लिनक्स-इमेज-आरटी-एएमडी६४' नावाचे एक क्रमांकविरहित पॅकेज असते, जे नेहमी ताज्या रिअल-टाइम कर्नेलकडे बोट दाखवते. ते बसवलेले नव्हते. साध्या कर्नेलचे तसे पॅकेज, 'लिनक्स-इमेज-एएमडी६४', मूळ इन्स्टॉलेशनपासूनच होते. त्यामुळे स्वयंचलित अपडेटमध्ये साधा कर्नेल पुढे सरकत राहिला आणि रिअल-टाइम कर्नेल १० वरच राहिला. ग्रब हा बूटलोडर (संगणक सुरू होताना कर्नेल निवडणारा प्रोग्रॅम) सर्वांत मोठ्या क्रमांकाचा कर्नेल वर ठेवतो आणि कोणी काही न निवडल्यास तोच सुरू करतो.

अपडेट झाल्याबरोबर काहीच बदलत नाही, कारण संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत जुनाच कर्नेल चालू राहतो. वर्कशॉपमधला संगणक कोणी मुद्दाम बंद करत नाही. तो बंद होतो तो वीज गेल्यावर. दोष आणि वीज यांचा जो संबंध सर्वांना दिसत होता, तो असा होता. मधल्या काळात आलेल्या एका माहितगाराने सुरू होताना मेनूतून रिअल-टाइम कर्नेल निवडून मशीन ठीक करून दिली होती, पण ती निवड त्या एका वेळेपुरतीच असते. पुढच्या वेळी वीज गेली आणि दोष परत आला.

दुरुस्ती या क्रमाने केली. प्रथम 'प्रोफाइल' फाइलीतील ती ओळ काढली आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगइन केले. नंतर 'लिनक्स-इमेज-आरटी-एएमडी६४' बसवले, संगणक पुन्हा सुरू करून मेनूतून नवा रिअल-टाइम कर्नेल निवडला, आणि 'युनेम -व्ही' ने 'प्रीएम्प्ट_आरटी' पाहिल्यावरच साध्या कर्नेलचे क्रमांकविरहित पॅकेज आणि त्याचे सर्व कर्नेल काढून टाकले. आधी काढून मग बसवण्याची घाई करू नये. अडचणीच्या वेळेसाठी एक साधा कर्नेल ठेवावा असे काही जण सुचवतात. मशीन चालवणाऱ्या संगणकावर मला ते पटत नाही. जुना रिअल-टाइम कर्नेल राखीव म्हणून ठेवला की पुरते.

साधा कर्नेल ठेवणे भागच असेल, तर ग्रबच्या मांडणीत 'ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड' लिहून 'ग्रब-सेट-डिफॉल्ट' ने रिअल-टाइम कर्नेलची नोंद निश्चित करावी आणि 'अपडेट-ग्रब' चालवावे. तेथे मेनूतील अनुक्रमांक लिहिण्याची पद्धत टाळावी. पुढच्या अपडेटमध्ये नवी नोंद वर येते, अनुक्रमांक सरकतात, आणि तोच आकडा दुसऱ्याच कर्नेलकडे बोट दाखवू लागतो.

मापन केल्याशिवाय थांबू नये

'प्रीएम्प्ट_आरटी' हे शब्द दिसले याचा अर्थ कर्नेल आपले काम करील एवढाच आहे. त्याच्या खालचे हार्डवेअर वेळ पाळते का, हे मोजूनच कळते. लिनक्ससीएनसीबरोबर 'लेटन्सी-टेस्ट' हा प्रोग्रॅम येतो. तो सुरू करून संगणकावर मुद्दाम भार टाकावा: ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावावा, मोठ्या फाइलींची नक्कल करावी, खिडक्या सरकवाव्यात. निदान अर्धा-पाऊण तास हे चालू द्यावे आणि 'मॅक्स जिटर' (ठरल्या वेळेपासून पडलेला सर्वांत मोठा फरक) हा आकडा पाहावा, सरासरी नव्हे. आकडा नॅनोसेकंदांत असतो. लिनक्ससीएनसीच्या मार्गदर्शनानुसार १५,००० ते २०,००० पर्यंत असल्यास सॉफ्टवेअरने पल्स देण्यासाठी संगणक उत्कृष्ट आहे, ३०,००० ते ५०,००० असल्यास काम होते पण कमाल वेग कमी ठेवावा लागतो, १,००,००० च्या वर गेल्यास सॉफ्टवेअर पल्ससाठी तो संगणक योग्य नाही, आणि दहा लाखांच्या वर, म्हणजे एका मिलिसेकंदापलीकडे, गेल्यास तो लिनक्ससीएनसीसाठी घेऊच नये. ज्यांच्याकडे लिनक्ससीएनसी नाही त्यांनी 'आरटी-टेस्ट्स' पॅकेजमधील 'सायक्लिकटेस्ट' वापरावा; त्याचे आकडे मायक्रोसेकंदांत असतात आणि तेथेही पाहायचा तो 'मॅक्स'.

कर्नेल योग्य असून आकडा मोठा येत असेल, तर संशय बायोसकडे, म्हणजे मदरबोर्डमधील मूळ प्रोग्रॅमकडे, न्यावा. काही मदरबोर्ड ऊर्जा-व्यवस्थापनासाठी किंवा यूएसबी कीबोर्डच्या जुन्या पद्धतीच्या सोयीसाठी असे इंटरप्ट वापरतात, जे कार्यप्रणालीला दिसतही नाहीत. त्या काळात कर्नेल रिअल-टाइम असला तरी तो अक्षरशः थांबलेला असतो. 'एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट' हे साधन असे खंड पकडते. प्रोसेसरची गाढ निद्रा बायोसमधून बंद करणे, वेग बदलण्याची सोय बंद करणे, आणि एक कोअर 'आयसोलसीपीयूज' या बूट पर्यायाने राखून ठेवणे, यांनी बहुतेक संगणक सुधारतात. ऑनबोर्ड ग्राफिक्स असलेल्या काही संगणकांवर मात्र कितीही प्रयत्न केले तरी आकडा खाली येत नाही. तेव्हा पल्स देण्याचे काम एफपीजीए कार्डाकडे (स्वतःच पल्स देणाऱ्या वेगळ्या हार्डवेअरकडे) सोपवावे. त्यानंतर संगणकाला दर मिलिसेकंदालाच हजेरी लावावी लागते आणि मागणी बरीच सैल होते. रिअल-टाइम कर्नेलची गरज मात्र संपत नाही.

शिरोलीच्या मशीनवर शेवटचे काम ऑपरेटरसाठी केले. डेस्कटॉपवरील आयकॉनने प्रोग्रॅम सुरू केल्यावर टर्मिनलमधील सूचना कोणालाच दिसत नाही. म्हणून आयकॉन आता थेट लिनक्ससीएनसी उघडत नाही. तो आधी एक लहान स्क्रिप्ट चालवतो. ती 'युनेम -व्ही' च्या उत्तरात 'प्रीएम्प्ट_आरटी' हा पूर्ण शब्द शोधते, शिवाय फोर्स_रिअलटाइम असे चल (व्हेरिएबल) कोणी पुन्हा ठेवले आहे का तेही पाहते. दोन्ही ठीक असल्यासच प्रोग्रॅम उघडतो. नसल्यास 'झेनिटी' ने पडद्यावर मोठ्या अक्षरांत मराठी सूचना येते: 'कर्नेल चुकीचा आहे. मशीन चालू करू नका. संगणक पुन्हा सुरू करा; हीच सूचना पुन्हा आली तर कळवा.' सूचनेत चालू कर्नेलचे पूर्ण नावही छापले जाते, म्हणजे ऑपरेटरला फोनवरून ते वाचून दाखवता येते आणि पुढची तपासणी तेथूनच सुरू करता येते.